कपाटातलं मशीन

लिहिण्यात चुका असतील, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर कोंबडीने माती उकरावी तसं आहे. चौथी झाली आणि हातात खुरपं आलं, त्यामुळे पेन धरला की बोटं खुरपं धरल्यासारखीच आवळतात आणि पानाच्या मागे वळ उठतात. ही वही माझ्या मुलीची आहे. तिसरीची गणिताची वही, मागची काही पानं कोरी राहिली होती. मी तिला न विचारता घेतली. घरातले कामाला गेले की लिहिते आणि गव्हाच्या कोठीमागे ठेवून देते. दोन ओळी लिहिल्या की उठते, अंगणात जाऊन येते, पुन्हा बसते. एका बैठकीत माझ्याने कुठलंच काम होत नाही. पूर्वी होत होतं. ते कधीपासून बिघडलं, तेच लिहायचं आहे.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात आहे. घरी मी, मुलीचे बाबा, सासूबाई आणि ही एकच मुलगी. दोन एकर वावर आहे. मुलीचे बाबा हंगामात जिनिंगवर कापसाच्या काट्यापाशी उभे राहतात, बाकीच्या दिवसांत वावरात.

मुलीला ऐकू येत नाही हे आम्हाला ती अडीच वर्षांची असताना कळलं. तान्हा पोळा होता. सगळी लहान मुलं आपापले लाकडी बैल ओढत मारुतीच्या पारापाशी जमली होती. हिच्या अगदी पाठीमागे डफडं सुरू झालं. बाकीची मुलं दचकली, एक-दोन रडायला लागली. ही आपला बैल ओढत तशीच पुढे गेली. सासूबाई म्हणाल्या, "मोठी धीराची हाय माही नात." मला मात्र त्या रात्री कळून चुकलं होतं.

तालुक्याच्या शिबिरात सरकारी मशीन मिळालं. ते छातीवर खिशात ठेवायचं, त्याची वायर कानात. पोरं तिला "मोबाईलवाली" म्हणू लागली आणि त्या मशीनमधून तिला खरखर ऐकू यायची की काय कोणास ठाऊक, ती ते काढून फेकायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या मागे बसणारं चांगलं मशीन घ्या, एका कानात अजून बरंच शिल्लक आहे. बावीस हजार. दोन हजार माझ्याजवळ अंड्यांचे होते. वीस हजार बचत गटातून घ्यायचं ठरलं.

गटात मी सहा वर्षांपासून होते. दर महिन्याच्या पाच तारखेला अध्यक्षबाईंच्या ओसरीत बैठक व्हायची. अध्यक्षबाई म्हणजे आमच्या शेजारच्याच. मी दाराजवळ चपलांच्या बाजूला बसायची, शंभर रुपये द्यायची, सही करायची आणि उठून यायची. कधी एक पैसा कर्ज मागितलं नव्हतं, कारण मागायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोलावं लागतं. त्या दिवशी संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली होती. माझी पाळी आली तेव्हा मी बोलले, पण कोणालाच ऐकू गेलं नाही.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "जोरानं बोल ना वं. ऐकू तुह्या पोरीले येत नाही, आम्हाले येते."

बायका हसल्या. माझे कान तापले. मी पुन्हा म्हटलं, "वीस हजार."

"कायले?"

"मशीनले."

"पिठाच्या?"

"कानाच्या."

मग कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि सचिवबाईला म्हणाल्या, "लिह्य वं. वीस हप्ते. महिन्याले हजार आन् शेकडा दोन रुपये व्याज." इतकं सोपं होतं ते.

मशीन आलं. बदामी रंगाचं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. मी ते एका मऊ फडक्यात गुंडाळलं, ते फडकं स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवलं आणि डबा लोखंडी कपाटात, माझ्या डोरल्याच्या शेजारी. किल्ली कमरेला.

आता हे वाचून कोणी म्हणेल, ही बाई वेडी आहे काय. पण आमच्याकडे महागाची वस्तू अशीच वापरतात. मुलीच्या बाबांनी फटफटीच्या सीटवरचं प्लास्टिक चार वर्षं काढलं नव्हतं. सासूबाईंची एक जरीची साडी अजून घडीवर आहे. आणि माझे वडील तर त्याच्याही पुढचे. त्यांनी एकदा हप्त्यावर सायकल घेतली होती. पैसे फिटेपर्यंत ते त्या सायकलवर बसले नाहीत. हातात धरून तिच्या बाजूने चालायचे. लोक विचारायचे, "पाटील, सायकल बिमार हाय का?" ते म्हणायचे, "अजून माही झाली नाही." सायकल त्यांची झाली त्या दिवशी त्यांनी आम्हा भावंडांना पुढे-मागे बसवून देवळापर्यंत नेलं. मी ते बघून मोठी झाले. जे फिटलं नाही ते झिजवायचं नाही, एवढंच मला माहीत होतं.

म्हणून मशीन निघायचं ते लग्नाला, पंधरा ऑगस्टला, किंवा शाळेत साहेब येणार असले तर. घातलं की मुलगी रडायची. चार महिन्यांत एकदा कानात एकदम सगळं गाव ओतलं तर कोण रडणार नाही, पण हे तेव्हा मला कळत नव्हतं. मला वाटायचं, मशीन तिला मानवत नाही. मग तर ते आणखीच जपायचं. नाहीच लागलं तर निदान नव्यासारखं परत देता येईल.

ती तिसरीत गेली त्या वर्षी पावसाळ्यात गुरुजींनी मला शाळेत बोलावलं. दोन शिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. गुरुजी माणूस वाईट नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, मी दाराशी उभीच राहिले.

"ताई, मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "फळ्यावरचं सगळं उतरवून घेते. पण मी काय बोलतो ते तिच्यापर्यंत पोचत नाही. दोन वर्ग एकत्र, मी किती वेळ तिच्यापाशी बसू? तुम्ही मशीन आणलं, पण त्याचाही उपयोग दिसत नाही. दोन-तीनदा घालून आली, काढून टाकलं तिनं."

मी मान हलवली.

"घरी घालते ना?"

मी पुन्हा मान हलवली. ती मान खोटी हलली. तोंडाने खोटं बोलले असते तर कदाचित अडखळले असते.

"दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर पुसदला निवासी शाळा आहे ऐकू न येणाऱ्या मुलांची, तिथला फॉर्म भरू. तिथं खुणांची भाषा शिकवतात, शिक्षक तयार असतात. तिच्या भल्याचंच सांगतो."

भल्याचंच होतं ते. ती शाळा चांगली आहे, असं नंतर मला दुसऱ्यांनीही सांगितलं. पण पुसद म्हणजे आमच्याकडून दोन एसट्या बदलायच्या, सकाळी निघालं तर दुपार होते. मुलगी आठ वर्षांची. झोपेत तिचा हात माझ्या गळ्यावर असतो. मी बोलले की गळा हलतो, ते तिला हाताला समजतं. तिथे रात्री ती हात कुठे ठेवणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला.

त्या दिवसापासून मी एका जागी बसू शकले नाही. वावरात तण निंदायला गेले की माझी ओळ सोडून दुसरीच्या ओळीत शिरायची. "काय वं, डोये कुठं हायेत तुहे?" बायका म्हणायच्या. भाजीत दोनदा मीठ पडायचं नाहीतर एकदाही नाही. दुपारच्या सुट्टीत काहीतरी निमित्त काढून शाळेच्या तारेपाशी जायची. कधी डबा विसरला म्हणून, कधी शेळी इकडे आली का म्हणून. शेळी आमच्याकडे नव्हतीच. मुलगी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेली दिसायची. सगळी मुलं पाढे म्हणत असायची आणि ती त्यांच्या ओठांकडे बघून आपले ओठ हलवायची, एक पाढा मागे.

मुलीच्या बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "तिथं तिच्यासारखे पोट्टे असतीन. इथं कोण हाय तिले?"

"आपण हाओत."

"आपण किती दिवस?"

ते रात्रभर कूस बदलत होते, म्हणजे त्यांनाही ते बोलणं पटलं नव्हतं.

भादव्याची पौर्णिमा आली आणि भुलाबाई बसली. आमच्याकडे पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. मातीचे भुलोबा-भुलाबाई पाटावर मांडतात, रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्या वाजवत गातात. गाणी संपली की त्या घरची बाई खाऊचा झाकलेला डबा आणते, मुलींसमोर हलवते, आणि आतल्या आवाजावरून मुलींनी खाऊ ओळखायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. बायकाही बेरकी असतात. शेंगदाण्यात दोन खडे टाकतात, लाडवाबरोबर चमचा ठेवतात.

आमची मुलगी दरवर्षी जायची, पण कडेला उभी राहायची. डबा आला की बाकीच्या मुली कान पुढे करायच्या, ओरडायच्या, ही त्यांच्या तोंडाकडे बघायची. खाऊ तिला मिळायचा, पण न ओळखता. अध्यक्षबाईंची नात तिच्याच वर्गातली, मोठी तोंडाळ. त्या वर्षी एका संध्याकाळी अध्यक्षबाईंच्याच घरी डबा निघाला. मी ओसरीच्या खाली उभी होते.

"चिवडा," एक म्हणाली.

"शेव."

"काई ओळखत नाही तुम्ही. आज उपाशी जा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

नात म्हणाली, "आज्जे, हिले तं विचार."

"हिले कसं इचारू? हिले आवाज येते का?"

माझी मुलगी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून समजली की आपलं काहीतरी चाललंय. ती पुढे झाली आणि डब्यावर तिने दोन्ही तळवे ठेवले. मग अध्यक्षबाईंकडे मान वर करून पाहिलं. म्हणजे, हलवा. अध्यक्षबाईंनी हलवला. मुलीने डोळे मिटले. पुन्हा हलवायची खूण केली. मग तिने चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं, सोललं, आणि फू करून सालं उडवली.

"फुटाणे!" नात ओरडली.

अध्यक्षबाईंनी झाकण उघडलं. फुटाणेच होते. सालाचे. मग म्हणाल्या, "आता बाप्पा हिच्यापासून डबा लपवा लागते."

दुसऱ्या दिवसापासून मुली तिला पुढे ढकलू लागल्या. कधी चुकायची, बत्ताशांना खडीसाखर म्हणायची. पण आता ती मधे उभी राहायची. नात आणि तिच्यात काय खुणा ठरल्या देवाला माहीत. टिपऱ्यांच्या वेळी नात तिच्या दंडावर ठेका द्यायची आणि ही बरोबर टिपरी मारायची. मला बरं वाटायला हवं होतं. उलट माझी तगमग वाढली. हे सगळं महिनाभरात तिला मिळालं आणि पंधरा-वीस दिवसांत दिवाळी होती.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आमच्या घरची पाळी होती. त्याच दिवशी फिरत्या बाई आल्या. या बाई तालुक्यातल्या शाळांमधल्या अशा मुलांना बघायला स्कूटीवर फिरतात, आमच्या गावाला महिन्यातून एकदा. त्या दिवशी स्कूटी पंक्चर झाली म्हणून शाळा सुटल्यावर पोचल्या आणि थेट घरी आल्या. अंगणात मुली गात होत्या. बाई खाटेवर बसून बघत राहिल्या. मी डबा आणला, मुलीने तळवे ठेवले, नाक मुरडलं, आणि मुरमुऱ्याचे लाडू हातांनी वळून दाखवले. बाई हसल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "ताई, हिचं मशीन कुठं आहे?"

"हाय."

"कुठं?"

मी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं. डबा आणला. बाईंनी झाकण काढलं, एक फडकं उलगडलं, मशीन हातात घेतलं. त्याच्यावर हळद-कुंकू होतं. दसऱ्याला आम्ही विळा, खुरपं, फटफटी सगळ्यांची पूजा केली होती, तेव्हा याचीही केली होती. आपट्याचं वाळलेलं पान अजून डब्यात होतं.

बाई किती तरी वेळ त्या कुंकवाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओढणीच्या टोकाने कुंकू पुसलं.

"रोज किती वेळ घालता?"

"रोज नाही," मी म्हटलं. "सणावाराले. अजून हप्ते फिटाचे हायेत. अकरा राह्यले."

"म्हणून ठेवलं?"

मी मान हलवली. ही मान खरी हलली.

बाई हळूच म्हणाल्या, "ताई, चप्पल उधारीची असली तर उन्हात पायात घालत नाही का आपण?"

सासूबाई मागून म्हणाल्या, "ते रडते ना बाप्पा घातलं की. काहून छळाचं लेकराले?"

"रडणारच आजी. पाच मिनिटं घाला, मग दहा, मग अर्धा तास. वाढवत न्या. अंघोळ आणि झोप सोडून रोज. रात्री या डब्यातच ठेवा, दमट हवा लागू देऊ नका. हिच्या कानाला शिकायला वेळ लागेल. हे वर्ष कपाटात गेलं तिचं."

शेवटचं वाक्य त्यांनी रागाने म्हटलं नाही. पण ते मला लागलं, आणि ते बरोबर होतं.

तिथेच त्यांनी नवा सेल घालून मशीन तिच्या कानात बसवलं. मुली गोल करून बघत होत्या. कोणीतरी उत्साहाने स्टीलचा डबा हलवला. मुलगी किंचाळली, मशीन ओरबाडून काढलं आणि माझ्या पदरात तोंड खुपसलं. नात म्हणाली, "डब्बा नको वं हालवू, येडे." मग तिने दोन लाडू आपल्या ओढणीत बांधले आणि हळू हलवले. पण मुलीने त्या दिवशी पुन्हा मशीन घातलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. सकाळी पाच मिनिटं, रडणं. संध्याकाळी पाच मिनिटं, रडणं. भांड्यांचा आवाज नको म्हणून मी भांडी घासायला हौदावर जायची. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आणि एक काम तसंच राहिलं होतं. गुरुजींना खरं सांगायला हवं होतं. ते मशीनचा दोष समजत होते, मुलीचा समजत होते. दोष माझा होता आणि तो मी मान हलवून लपवला होता. खरं सांगितलं नाही तर फॉर्म भरला जाणार.

मी शाळेच्या फाटकापर्यंत तीनदा गेले. एकदा गुरुजी फोनवर होते, परत आले. एकदा सरपंच बसलेले होते, परत आले. तिसऱ्यांदा कोणीच नव्हतं, तरी परत आले. चौथ्या दिवशी वाटेत एकही पाऊल थांबायचं नाही असं ठरवून घरून निघाले आणि थेट वर्गात शिरले. दोन्ही वर्गांची मुलं बघत होती. मला वाटलं होतं गुरुजींना बाजूला बोलवावं, पण थांबले असते तर बोललेच नसते.

"गुरुजी, मशीन खराब नाही. पोरगीबी नाही," मी म्हटलं. "मीच कपाटात ठेवलं होतं. झिजन म्हणून. तुम्हाले मी खोटं सांगतलं."

गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला.

"पूर्ण वर्ष?"

"दसऱ्याले पूजा केली."

ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

"आता घालते का?"

"दहा मिन्टं. कालपासून पंधरा."

गुरुजींनी टेबलावरचा खडू पुन्हा उचलला. मग म्हणाले, "फॉर्म उन्हाळ्यापर्यंत राहू द्या. पण ताई, उन्हाळ्याला मात्र मी मागे हटणार नाही. तिचं आणखी एक वर्ष वाया घालवायचा हक्क ना तुम्हाला, ना मला."

त्या दिवशी त्यांनी मुलीला पहिल्या रांगेत, चांगला कान त्यांच्याकडे होईल अशी बसवली. शेजारी अध्यक्षबाईंची नात. बोलताना फळ्याकडे तोंड करायचं नाही, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलेलं दिसलं. अधूनमधून विसरायचे. मग नात ओरडायची, "गुरुजी, तोंड."

हिवाळ्यात मशीन दिवसभर कानात राहू लागलं. आता मला दुसरी काळजी लागली. सेल संपला तर, पाणी पडलं तर, कोणी ओढलं तर. कापूस वेचताना एका झाडापाशी किती वेळ उभी राहायची याचा मला पत्ता नसायचा. वावर शाळेपासून लांब नाही. पाणी प्यायला म्हणून निघायची आणि तारेपाशी जाऊन उभी राहायची.

आणि एक दिवस तेच झालं. मी तारेपाशी होते. मैदानात खो-खो चालू होता. मुलगी धावत आली, कानाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. मशीन कानावर नव्हतं. मी तारेखालून कशी गेले मला आठवत नाही, पोलकं फाटलं हे घरी गेल्यावर दिसलं. मी मातीत गुडघे टेकून हाताने चाचपडू लागले. मुलंही वाकली. साठ-सत्तर पायांनी तुडवलेलं मैदान. माझ्या डोक्यात एकच आकडा, नऊ हप्ते बाकी.

मुलगी मला काहीतरी सांगू बघत होती, हात ओढत होती. मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

गुरुजी बाहेर आले. म्हणाले, "सगळे जागेवर उभे राहा. कोणी हलू नका. कोणी बोलू नका. ते मशीन झाकलं गेलं की शिट्टी मारतं. ऐका."

पूर्ण शाळा थांबली. पहिलीतली लहान मुलंसुद्धा तोंडावर बोट ठेवून उभी राहिली. लिंबाची पानं हलायची तेवढाच आवाज. सगळे कान देऊन ऐकत होते आणि माझी मुलगी मधोमध उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळे एकदम का थांबले ते तिला कळेना.

"येऊन राह्यला," नात कुजबुजली. "तिकडून."

वऱ्हांड्यात चपलांची रांग होती. तिथून बारीक, किड्यासारखी शिट्टी येत होती. मुलीच्या एका चपलेवर दुसरी पालथी घातलेली होती. उचलली तर आत फडकं, आणि फडक्यात मशीन. खेळायला जाताना पडू नये म्हणून तिनेच काढून झाकून ठेवलं होतं. खेळाच्या भरात विसरली, आणि मग आठवलं होतं. एवढा वेळ ती मला तेच सांगू बघत होती.

मी तिला रागवावं की काय करावं. जपून ठेवायचं मीच शिकवलं होतं तिला.

गुरुजींनी मशीन तिच्या कानात बसवलं आणि तिच्यासमोर वाकून म्हणाले, "खेळताना पण घालायचं. पडलं तर आम्ही शोधू." मग मुलांकडे वळले. "शोधू ना?"

"हो," सगळी म्हणाली. मुलगी दचकली, पण कानाला हात लावला नाही.

उन्हाळ्यात फॉर्मची गोष्ट निघाली. मी आपणहून विचारायला गेले, कारण वाट बघणं मला जमत नव्हतं. गुरुजींनी मुलीला बोलावलं. तिच्याकडे पाठ केली आणि साध्या आवाजात म्हणाले, "खिडकी लाव." मुलगी थोडा वेळ उभी राहिली. मग ती गेली आणि दार लावून आली.

गुरुजी हसले. "बाकीचं चौथीत शिकवू," म्हणाले.

ती आता चौथीत आहे. वाचते माझ्यापेक्षा भराभर. बोलते अर्धंमुर्धं, बाहेरच्याला कळत नाही, गावातल्यांना कळतं. गावची शाळा चौथीपर्यंतच. माझंही शिक्षण चौथीलाच थांबलं होतं. पाचवीला तिला पलीकडच्या गावी जावं लागेल, तिथले शिक्षक कसे असतील, पहिल्या रांगेत बसवतील का, याचा विचार सुरू झाला आहे. पुसदची शाळाही एकदा डोळ्यांनी बघून येणार आहे. न बघता नको म्हटलं होतं, ते बरोबर नव्हतं. तिलाही विचारणार आहे. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मशीनचा रंग गेला आहे. एका कडेला ओरखडा आहे, मागच्या बाजूला घामाचा डाग बसला आहे. ते नव्यासारखं परत देता येणार नाही.

या महिन्याच्या पाच तारखेला मी गटाच्या बैठकीला गेले, मुलीला घेऊन. चपलांपाशी न बसता अध्यक्षबाईंच्या जवळ बसले. एक हजार वीस रुपये मोजून दिले. सचिवबाईने दोनदा मोजले, पुस्तकात लिहिलं आणि म्हणाली, "फिटलं वं तुहं."

मुलीने वर पाहिलं. तिच्या कानावर 'फिटलं' एवढं गेलं असावं. तिने मला हाताने विचारलं, काय?

अध्यक्षबाई म्हणाल्या, "सांग ना तिले. जोरानं सांग."

मी सांगितलं. सचिवबाईने पुस्तक माझ्यापुढे केलं. वीस रांगा, विसाव्या रांगेत बाकी शून्य. खाली मी सही केली. अक्षर वाकडंच आलं.